रक्तात काय असते?

गेल्या वर्षावासात सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनासाठी आम्ही गेलो होतो. गावाचे नाव देत नाही, शाळेचेही देत नाही. त्रिसरण पंचशील झाले, वाचन झाले, चहा आला. बोलता बोलता त्या दिवशी शाळेत घडलेली गोष्ट निघाली. सातवीच्या वर्गात एका बाईंच्या पर्समधून सहाशे रुपये गेले. वर्गात एकेचाळीस मुले. दप्तर तपासले ते एकाच मुलाचे. तो कैकाडी समाजाचा. दप्तरात दोन वह्या, एक पेन आणि भाकरीचा तुकडा निघाला. पैसे निघाले नाहीत. तरीही त्याला दुपारपर्यंत व्हरांड्यात उभे केले आणि त्याच्या आईला बोलावून घेतले.

यात नवे काही नाही. पण नंतर जे झाले ते आमच्या मनातून जात नाही. विहारातले एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, “खाण तशी माती, साहेब. त्यांच्या रक्तातच असतंय ते.” हे गृहस्थ शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी आमच्यासोबत पंचशील म्हटले होते. त्यांच्या आज्याला गावात पाण्यासाठी ओंजळ पसरावी लागत होती, हे त्यांनीच आम्हाला आदल्या वर्षी सांगितले होते. आणि आम्ही? आम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि विषय बदलला. म्हातारा माणूस, कशाला दुखवायचे, असे वाटले. म्हणून आजचे हे लिखाण आधी आमच्या त्या गप्प बसण्याविरुद्ध आहे.

‘रक्तातच असते’ या दोन शब्दांत एक पुरते तत्त्वज्ञान दडलेले आहे. माणूस मुळात कसा आहे? तो जन्मतःच चांगला की वाईट? की तो कोरा येतो आणि समाज त्यावर लिहितो? हा प्रश्न अडीच हजार वर्षे जगभरच्या विचारवंतांना छळतो आहे. तो विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा प्रश्न आहे, असे आपल्या लोकांना वाटते. वाचकहो, तसे नाही. या प्रश्नाच्या उत्तरावर कोणाचे दप्तर तपासायचे ते ठरते.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ साली ‘लेव्हायथन’ लिहिले. इंग्लंडमधले यादवी युद्ध त्याने पाहिले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसांच्या डोक्यावर धाक नसेल तर सगळे सगळ्यांविरुद्ध उठतील. म्हणून बलवान सत्ता हवी. शंभर वर्षांनी, १७५५ साली, रूसोने विषमतेच्या उगमावरील आपल्या प्रबंधात उलटी बाजू मांडली. निसर्गतः माणूस दुष्ट नव्हता. मालमत्ता आली, कुंपणे आली, तुझे-माझे आले आणि त्यातून मत्सर, गुलामी आणि फसवणूक आली, असे तो म्हणाला. या दोघांच्या मध्ये जॉन लॉक. त्याच्या मते मन कोऱ्या कागदासारखे असते आणि अनुभव त्यावर लिहितो. पोलिस ठाण्यात हॉब्ज चालतो आणि मोर्चात रूसो चालतो, असे गमतीने म्हणता येईल. पण आमच्या मुलाच्या प्रश्नाला या तिघांचेही उत्तर पुरत नाही. हॉब्ज निदान सर्वांवर सारखाच अविश्वास दाखवतो. त्याच्या हिशोबाने एकेचाळीसही दप्तरे तपासावी लागली असती! एकाच मुलाचे दप्तर तपासायला वेगळे तत्त्वज्ञान लागते. ते आपल्या देशात तयार झाले.

ते तत्त्वज्ञान असे : मनुष्यस्वभाव म्हणून सर्वांना सामाईक असे काही नाही. ब्राह्मणाचा स्वभाव वेगळा, क्षत्रियाचा वेगळा, शूद्राचा वेगळा. आणि ज्याचे जे कर्म ते त्याच्या स्वभावातूनच जन्मलेले. गीतेच्या अठराव्या अध्यायात ही मांडणी आहे. बचाव करणारे म्हणतात, तिथे गुण आहेत, जन्म नाही. ठीक. मग हा गुण ओळखायचा कसा? त्याची परीक्षा कोणत्या गुरुकुलात, कोणत्या वयात, कोणी घेतली? कोणीच घेतली नाही. बाप पाहिला आणि गुण लिहून टाकला. बाबासाहेबांनी ‘जातिसंहार’मध्ये, म्हणजे लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली तयार केलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात, प्लेटोला याच मुद्द्यावर पकडले आहे. प्लेटोनेही माणसांचे तीन वर्ग पाडले होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, माणसांच्या शक्ती आणि प्रवृत्ती इतक्या नानाविध आहेत की त्यांना तीन-चार खणांत कोंबणे म्हणजे माणसाविषयीचे अज्ञानच. चार खणांचे कपाट शास्त्राने मोडले, पण आपल्या मनातले कपाट शाबूत आहे. त्यात एक पाचवा खण आहे, सहावाही आहे, आणि त्याच्या चाव्या कधी कधी आपल्याच खिशात असतात.

आता या तत्त्वज्ञानाला कायद्याची वर्दी कशी मिळाली ते पाहू. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याच्या समर्थनार्थ सरकारी बाजूने आलेला युक्तिवाद विलक्षण होता : या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर मग चोरीचाही पिढीजात धंदा असणारच! विलायतेतला साहेब मनूच्या खांद्यावर बसून बोलत होता. लोक इंग्रजांना आधुनिक म्हणतात. पण या एका कायद्यापुरते तरी त्यांनी आपल्याकडची जुनीच विद्या घेतली आणि तिला रजिस्टर, ठसे आणि शिक्का जोडला. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही नोंदणी होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

इटलीतला लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर ‘जन्मजात गुन्हेगार’ हा सिद्धान्त मांडणारा म्हणून प्रसिद्ध आहे. कवटीच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा. त्याचा ग्रंथ १८७६ सालचा. म्हणजे आपल्या देशातला कायदा त्याच्याही पाच वर्षे आधीचा! पुढे १९१३ साली चार्ल्स गोरिंगने इंग्लंडमधल्या सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन अभ्यास प्रसिद्ध केला. लोम्ब्रोसो सांगतो तसा गुन्हेगारी चेहरामोहरा त्याला सापडला नाही. युरोपात ती विद्या कालबाह्य ठरत गेली. इकडे मात्र १९११ च्या कायद्याने ती मुंबई इलाख्यातही आली आणि १९२४ साली आणखी पक्की झाली.

सोलापूरला सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात माणसे. कैकाडी, भामटे, कंजारभाट, पारधी, मांग-गारुडी. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, गिरणीत कामाला जायचे आणि परत कुंपणात यायचे. गुन्हा सिद्ध झाला म्हणून ते आत नव्हते. जन्म झाला म्हणून आत होते. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. आम्हाला इथे थांबून विचारावेसे वाटते. गुन्हा रक्तात असेल तर चार वर्षांचे पोर आईपासून वेगळे करून सुधारणार कसे? आणि ते सुधारणार असेल तर रक्ताची गोष्ट खोटी ठरते. कायदा करणाऱ्यांचाच आपल्या सिद्धान्तावर विश्वास नव्हता. त्यांना सिद्धान्त नको होता. त्यांना फिरती माणसे एका जागी आणि स्वस्त हवी होती.

आणि ही माणसे चोरीकडे वळली असतील, तर का वळली? ज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य देशभर नेले, त्यांचा धंदा आगगाडीने आणि मिठावरच्या सरकारी बंधनांनी बसला. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची, आणि कायदा १८७१ चा. ही दोन सालं शेजारी ठेवून पाहा. जंगलाचे कायदे १८६५ आणि १८७८ साली झाले. पारध्याची शिकार आकसली आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती गुन्हाच ठरली. कैकाड्याच्या टोपल्या, कणगी, डाल प्लास्टिकने खाल्ली. पोट आहे तिथेच राहिले.

चीनमधला मेन्सियस हा विचारवंत इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्याचा एक दाखला आम्हाला फार मोलाचा वाटतो. निऊ नावाच्या डोंगरावर एकेकाळी दाट झाडी होती. शहर जवळ. लोकांनी कुऱ्हाडी चालवल्या. मुळातून कोंब फुटले, तर गुरे सोडली. आता डोंगर उघडा पडला आहे आणि येणारा-जाणारा म्हणतो, इथे कधी झाडे नव्हतीच, हा डोंगरच तसला! मेन्सियस विचारतो, उघडे असणे हा काय डोंगराचा स्वभाव आहे? मेन्सियसला माणूस मुळात चांगला वाटत असे. पुढे शून्झीने ते नाकारले आणि माणूस मुळात वाईटच, त्याला शिक्षणाने वळवावे लागते, असे म्हटले. त्या दोघांचा वाद बाजूला ठेवू. डोंगराची गोष्ट मात्र दोघांतले कोणीही खरे असले तरी खरीच राहते. आधी कुऱ्हाड, मग गुरे, आणि शेवटी ‘स्वभाव’ हा शिक्का.

शिक्क्याने काय होते, हे पाहायचे असेल तर उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झालेल्या एका प्रयोगाकडे बघावे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी सहावी-सातवीतल्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले सवर्ण, निम्मी अनुसूचित जातीची. एकूण सहाशे बेचाळीस. सोडवलेल्या कोड्यांवर पैसे. कोणाची जात कोणालाच जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी निघाली. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव, आज्याचे नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. बस्स, एवढेच केले. कोडी तीच, वेळ तोच. अनुसूचित जातीच्या मुलांनी सोडवलेली कोडी लगेच कमी झाली. २००४ आणि २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रक्तात काही मिनिटांत काय बदलले? काहीच नाही. खोलीतली हवा बदलली. आरक्षणाच्या चर्चेत जो तो ‘मेरिट’ हा शब्द तोंडात घेऊन येतो, त्याला हा प्रयोग जरूर सांगावा.

पण आपल्या वाचकांना तो आणखी एका कारणासाठी सांगतो. त्या खोलीत जात वाचून दाखवणारा सवर्णच असायला हवा, असे काही नाही. आम्ही वाचली तरी परिणाम तोच होईल.

तथागतांनी या प्रश्नाची गाठ कुठे सोडवली? वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मणांचा वाद आहे : ब्राह्मण जन्माने की कर्माने? तथागत त्यांना गवत, झाडे, किडे, पक्षी, मासे यांच्याकडे नेतात. त्यांच्यात जातीजातीचे वेगळे चिन्ह जन्मापासून असते. माणसांत केस, डोके, कान, डोळे, हात कुठेही तसे चिन्ह नाही. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो न दिलेले घेऊन जगतो तो चोर. चोर हे नावही कर्माचेच आहे, हे लक्षात घ्या. ते कुळाला लावता येत नाही. आणि आपली मराठी भाषा काय करते? ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव, आणि आपण ते ठकाला वापरतो. रोज वर्तमानपत्रात मथळा असतो, ‘भामट्याने वृद्धेला लुबाडले’. लुबाडणारा कोणत्या जातीचा होता हे कोणालाच ठाऊक नसते, पण भामटे मात्र ठरून गेलेले असतात. आम्हीही हा शब्द वर्षानुवर्षे लिहिला. आता लिहीत नाही.

आणि अंगुलिमाल. दुसऱ्या दिवशी विहारात आम्ही ठरलेला भाग बाजूला ठेवून हीच कथा घेतली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र भाग दिला आहे, ते उगाच नव्हे. मूळ सुत्तात अंगुलिमाल हा दरोडेखोर म्हणूनच येतो. पण अट्ठकथेत त्याच्या जन्माची हकिकत आहे. तो कोसलच्या राजपुरोहिताचा मुलगा. चोरांच्या नक्षत्रावर जन्मला, असे खुद्द बापाने पंचांग पाहून सांगितले. नाव ठेवले अहिंसक. तक्षशिलेला शिकायला गेला, हुशार निघाला. सोबतचे विद्यार्थी जळले, त्यांनी गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली! म्हणजे गुन्हेगार घडवायला काय लागले पाहा : एक पंचांग, एक मत्सरी वर्ग आणि एक नादान गुरू. आम्ही उपासकांना विचारले, आता सांगा, हे रक्तात होते का? आणि रक्त होते तरी कोणाचे? सभेत हशा पिकला. ते ज्येष्ठ गृहस्थ हसले नाहीत. ते ऐकत होते.

एका तरुणाने मात्र आम्हाला अडवले. म्हणाला, “सर, सगळं समाजच करत असेल तर मग खैरलांजी करणाऱ्यांनाही समाजानेच घडवलं की. त्यांना शिक्षा कशाला?” प्रश्न बिनतोड होता. ‘समाज घडवतो’ हे वाक्य दुधारी आहे, हे आपण चळवळीतले लोक कबूल करीत नाही. शोषितासाठी ते वापरतो आणि शोषकासाठी विसरतो. आम्ही त्याला जमेल तसे उत्तर दिले. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेले जॉन ड्यूई यांचा मनुष्यस्वभाव आणि वर्तन यांवरचा ग्रंथ १९२२ सालचा आहे. त्यात सवयीवर सगळा भर आहे. प्रेरणा जन्मासोबत येतात, पण त्यांना सद्गुण की दुर्गुण असे रूप परिस्थितीशी होणाऱ्या व्यवहारात मिळते. आणि सवय लागते तशी ती तपासता येते, मोडताही येते. समाजाने घडवले हे गुन्ह्याचे कारण झाले, ती माफी झाली नाही. अंगुलिमालाला तथागतांनी थांब म्हटले आणि तो थांबला, हा निर्णय त्याचा होता. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी ढेकळे, काठ्या, खापऱ्या फेकल्या. डोके फुटून परत आला, तर तथागतांनी त्याला सहन कर असे सांगितले. केलेल्या कर्माचे फळ सुटले नाही. पण प्रसेनजित राजा घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला आला होता, तो त्याला वंदन करून परत गेला. राजाने कर्म पाहिले, नक्षत्र पाहिले नाही. खैरलांजीच्या गुन्हेगारांना शिक्षा त्यांच्या कर्माची. त्यांच्या जातीत आज जन्मलेल्या बाळाला नाही. हाच न्याय कैकाड्याच्या पोराला. त्या तरुणाचे पूर्ण समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. आमचे तरी पूर्ण झाले, असे म्हणवत नाही.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. स्वातंत्र्याच्या वेळी सव्वाशेवर जमाती आणि कोटीहून अधिक माणसे त्याच्या फासात होती. लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. नव्या कायद्यात जमातीचे नाव नव्हते, ठाण्यातल्या यादीत मात्र तीच घराणी राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर अगदी परवापर्यंत जुनी भाषा होती. पश्चिम बंगालच्या नियमावलीत भटक्या जमातींच्या माणसांना पळून जाण्याची ‘नैसर्गिक’ प्रवृत्ती असते असे धरले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी, जातीनुसार कामे वाटणे आणि तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना घटनाबाह्य ठरवला. पंचाहत्तराव्या वर्षात पाऊल टाकलेल्या आपल्या प्रजासत्ताकात हा निकाल मागावा लागला, आणि तोही एका पत्रकार महिलेने.

बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तीन समूह एकत्र मोजले होते : गुन्हेगार जमाती सुमारे दोन कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी, अस्पृश्य सुमारे पाच कोटी. हिंदू संस्कृतीच्या पदरी हे तीन वर्ग आहेत, तर तिला संस्कृती म्हणावे का, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी ज्यांना एका ओळीत उभे केले, त्यांच्यात आपण पायरी शोधतो. २००७ साली मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर हजारो भटक्या-विमुक्तांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्यातल्या किती जणांना आपल्या विहाराच्या कार्यकारिणीत जागा मिळाली, हे कोणी मोजले आहे का?

आता त्या मुलाचे. सहाशे रुपये कोणी घेतले ते शेवटपर्यंत कळले नाही. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही त्याच्या पालावर गेलो. आई टोपलीचा बुडखा विणत होती. हात न थांबवता म्हणाली, “दादा, समद्यांची दप्तरं तपासली असती तर म्या काय बी म्हनले नसते.” आमच्यासोबत विहारातले ते ज्येष्ठ गृहस्थही आले होते, न बोलावता. त्यांनी मुलाला यंदा जूनमध्ये दुसऱ्या शाळेत घालायचे अंगावर घेतले. फी माफीसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सातबारा नाही, घराचा उतारा नाही, आजा शाळेत गेलेला नाही, जन्माची नोंद नाही. महिनाभर हे गृहस्थ तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत. तिथल्या एका जाणत्या कारकुनाने त्यांना शेवटी वाट सांगितली : सेटलमेंटच्या हजेरीपटात किंवा पोलिसांच्या जुन्या दप्तरात आज्याचे नाव शोधा, तेवढेच एक सरकारी कागद त्याच्या नावाचे निघेल. पुढच्या सोमवारी आम्ही दोघे ते शोधायला जात आहोत.